स्क्रूचा पाऊण फेरा

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या घराची पुढची खोली दहा फूट बाय साडेआठ फूट आहे. त्या खोलीत बसून मी तीस वर्षं लोकांचे जुने टेपरेकॉर्डर, रेकॉर्डप्लेअर, वॉल्व्हचे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करत आलो आहे. धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. गमती आहेत, एक-दोन सांगतोही. पण मला लिहायचं आहे ते एका कॅसेटबद्दल आणि तिच्यात गंमत नाही.

राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं तेव्हा ओळखीचे लोक म्हणाले, आता नवी दुकानं येतील, नवा माल येईल, तुझं काम संपलं. झालं उलटं. लोकांनी जुनी घरं पाडून नवी बांधायला घेतली, कोणी तेलीबांध्याकडे फ्लॅट घेतले. घर रिकामं करताना माळ्यावरच्या वस्तू खाली आल्या. वीस-वीस वर्षं चादरीत गुंडाळून ठेवलेले रेडिओग्राम माझ्या दारात रिक्षातून उतरू लागले. काहींना ते वाजायला हवे होते, काहींना नव्या दिवाणखान्यात नुसते दिसायला. एका गृहस्थांना वॉल्व्हच्या रेडिओचं पोट काढून त्यात पेनड्राइव्हवरची गाणी वाजवणारं यंत्र बसवून हवं होतं. असली कामं मी करतो, पण एका अटीवर. काढलेलं पोट मी खोक्यात भरून गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि फेकणार नाही असं कबूल करून घेतो. आजवर तिघे ते खोकं घेऊन परत आले.

रायपूरची म्हणून एक खास बिमारीही आहे. शहराच्या भोवती लोखंडाचे कारखाने आहेत. त्यांची काळी धूळ गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, ती सगळ्यांना दिसते. तीच स्पीकरमध्ये शिरते, ती दिसत नाही. स्पीकरच्या मागे चुंबक असतं आणि धुळीत लोखंडाचे कण, त्यामुळे धूळ बरोबर चुंबकाजवळच्या बारीक फटीत जाऊन बसते आणि आवाज खरखरू लागतो. फुंकून ती जात नाही आणि ब्रशने झाडली तर आणखी आत जाते. चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या कापून फटीत सरकवायच्या, फिरवायच्या, काढायच्या. एका स्पीकरला चाळीस ते साठ पट्ट्या लागतात. नागपूरच्या माझ्या ओळखीच्या कारागिराला मी हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी थट्टा करून राहिलो.

मी कानाने काम करत नाही, मीटरने करतो. कान सकाळी एक सांगतो आणि जेवण झाल्यावर दुसरं. दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद होते: आली तेव्हा कशी होती, काय बदललं, कोणता स्क्रू हलवला आणि किती. फेऱ्याच्या आठव्या भागापर्यंत मी लिहून ठेवतो. बायको म्हणते की पोरींच्या मार्कांकडे तुम्ही इतकं लक्ष दिलं नाही. खरं आहे. पण या वह्यांमुळे कोणत्याही गिऱ्हाइकाला मी त्याच्या यंत्राचं काय केलं हे दहा वर्षांनीही सांगू शकतो. या गोष्टीचा मला अभिमान होता आणि थोडासा आजही आहे.

आता कॅसेटबद्दल. ज्यांनी कॅसेट कधी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅसेटमधली फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने धातूच्या एका लहान ठोकळ्याला घासून पुढे जाते. त्या ठोकळ्याला हेड म्हणतात. हेडच्या तोंडावर एक उभी चीर असते. केसाचे पन्नास उभे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी ती रुंद. आवाज फितीवर लिहिला जातो तो या चिरेतून आणि वाचला जातो तोही या चिरेतून. ही चीर फितीशी अगदी काटकोनात असावी असा नियम आहे. हेड किंचित कललं तर जाड आवाज तसाच येतो, पण बारीक आवाज नाहीसा होतो. स, श, त, च या अक्षरांची धार जाते आणि माणूस तोंडावर गोधडी घेऊन बोलल्यासारखा वाटतो. हा कल कमीजास्त करायला हेडच्या शेजारी एक लहान स्क्रू असतो.

त्या काळी घरोघरी हा स्क्रू लोकांच्या ओळखीचा होता. एखादी कॅसेट नीट लागली नाही की कोणीतरी पेचकस घेऊन बसे आणि आवाज खुलेपर्यंत स्क्रू फिरवे. मला त्याचा फार राग होता. मी दुकानात हिंदीत पाटी लावली होती की हेडचा स्क्रू घरी फिरवू नये. माझ्याकडे एक टेस्ट कॅसेट आहे. तिच्यावर सेकंदाला दहा हजार कंपनांचा एकच सूर भरलेला आहे. तो सूर लावायचा, मीटरचा काटा जास्तीत जास्त वर जाईल तिथे स्क्रू थांबवायचा आणि वर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का करायचा. यात मताचा प्रश्न येत नाही. काटा वर गेला म्हणजे हेड बरोबर.

देवतळे काका गुढियारीत राहत. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी करून निवृत्त झाले होते. आमच्या मराठी घरांमध्ये मात्र त्यांची ओळख मंगलाष्टकांची. वडिलांच्या पिढीत विदर्भातून रेल्वेच्या आणि सरकारी नोकरीसाठी आलेली आमची कुटुंबं शहरभर विखुरलेली, एकत्र येत ती लग्नांत. कोणाकडे लग्न ठरलं की हॉल ठरवायच्या आधी लोक काकांना तारीख विचारत. पहिली पाच कडवी त्यांनी कधीतरी रचलेली, सगळ्या लग्नांत तीच. पुढची तीन ते दर लग्नासाठी नवी करत, वधूवरांची नावं, आईवडिलांची गावं गुंफून. अंतरपाटाशेजारी उभे राहत, माईक घेत नसत, तरी शेवटच्या रांगेत एकेक अक्षर वेगळं ऐकू येई. माझ्या लग्नातली अष्टकंही त्यांनीच म्हटली. तेव्हा मी अंतरपाटाच्या अलीकडे होतो, ते माझ्यापासून हातभर अंतरावर. मीटरने मोजता आला असता तर त्या आवाजाचे मी आकडे लिहून ठेवले असते.

मग त्यांना घशाचा कॅन्सर झाला. मुंबईला नेलं, जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याच्या भोकावर मलमलची पट्टी बांधून ते परत आले. तेव्हापासून त्यांच्या हातात मुलांची ती पाटी असे, जिच्यावरचा पातळ कागद उचलला की लिहिलेलं नाहीसं होतं. अक्षर फार सुबक होतं. लग्नाला ते येत, पहिल्या रांगेत बसत आणि जेवून जात. अष्टकं भटजी म्हणत किंवा कोणी सीडी लावत.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर काका, काकू आणि त्यांची नात श्वेता अशी तिघं माझ्या दुकानात आली. श्वेताच्या हातात एक जड टेपरेकॉर्डर होता, एकाच स्पीकरचा, चामड्याच्या पिशवीतला. काकूंच्या हातात कॅसेट. श्वेताचं लग्न मार्गशीर्षात होतं, पाच आठवड्यांवर. श्वेताच्या आईच्या लग्नाआधी काकांनी घरी सराव करताना ती पाच कडवी याच यंत्रावर भरून पाहिली होती, किती वेळ लागतो ते कळावं म्हणून. त्यांचा भरून ठेवलेला आवाज एवढाच. इतकी लग्नं लावली, पण कोणाच्याच व्हिडिओत तो नीट आलेला नव्हता. सगळीकडे बँड आणि गलका.

श्वेता माझ्याशी हिंदीत बोलत होती. “अंकल, मुझे नाना की आवाज़ ही चाहिए। बाकी तीन पंडितजी पढ़ देंगे।”

काकू म्हणाल्या, “साऱ्या गावच्या पोरींची लग्नं लावली जी यायनं. घरच्या पोरीच्या येळेस मुकं उभं राहाव का?”

काका माझ्या टेबलावरच्या यंत्रांकडे पाहत बसले. “हवे तर दोन दिवस जास्त घ्या, पण काम नीट करा,” एवढंच त्यांनी जाताना पाटीवर लिहिलं.

यंत्राला नऊ दिवस लागले. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, तो खरवडून काढला. फीत ओढणारं रबरी चाक दगड झालं होतं, ते बदललं. सहा कंडेन्सर नवीन घातले. काळी धूळ होतीच. वेग मोजला, तो एक टक्क्याच्या आत आणला. हेड झिजलेलं नव्हतं. शेवटी टेस्ट कॅसेट लावली तर मीटरचा काटा जवळजवळ हललाच नाही. स्क्रू फिरवत गेलो. नेहमी फेऱ्याचा आठवा भाग, फार तर पाव फेरा लागतो. इथे पाऊण फेरा फिरवल्यावर काटा वर गेला. मी वहीत लिहिलं: हेडचा स्क्रू, पाऊण फेरा उजवीकडे. वर नेलपॉलिश टाकलं.

पाऊण फेरा म्हणजे फार. तिथे माझ्या हाताने थांबायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच की कोणीतरी घरी पेचकस चालवला आहे आणि आपण तो गाढवपणा दुरुस्त केला.

दहाव्या दिवशी तिघं आली. कॅसेट जिथे थांबलेली होती तिथूनच मी लावली, तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर. आवाज आला. उंची बरोबर, लय बरोबर, पण शब्द उमटत नव्हते. भिंतीपलीकडच्या खोलीत कोणी म्हणत असावं तसं. मी बारीक आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. फितीची सळसळ वाढली, शब्द तिथेच राहिले.

श्वेता आजोबांकडे पाहू लागली. काकांनी लिहिलं, “माझा आवाज असा नव्हता.”

मी त्यांना समजावलं. आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, बाहेरून तो प्रत्येकालाच परका वाटतो. हे खरं आहे आणि मी ते अनेकांना सांगितलं आहे.

“त्यायले वाटत असंन परका,” काकू म्हणाल्या. “मले काहून वाटून राहिला? मी त बाहेरूनच ऐकला ना चाळीस वर्षं.”

मी त्यांना मीटर दाखवला. टेस्ट कॅसेट लावली, काटा वर गेला, तो बोटाने दाखवला आणि म्हणालो, “काका, मशीन आता कंपनीतून निघाली तेव्हापेक्षाही बरोबर आहे. कॅसेटचं वय झालं. फितीवरचा बारीक आवाज काळानं जातो. आता त्याले इलाज नाही.”

मी हे शांतपणे आणि खात्रीने सांगितलं. तिघांपैकी कोणालाच माझ्या मीटरशी भांडता येत नव्हतं. श्वेताने विचारलं की कम्प्यूटरवर घेऊन काही होईल का. फितीवर जे उरलेलं नाही ते कम्प्यूटर कुठून आणणार, असं मी म्हणालो. मग निदान जसा आहे तसाच लावू, असं ती आजोबांना म्हणू लागली. काकांनी पाटीवरचा कागद उचलला, खाली केला आणि लिहिलं, “असा आवाज लोकांपुढे नको.” तो वाद तिथे संपला. पिशवीची चेन लावताना काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

लग्नाला मला बोलावणं होतं. मी सहकुटुंब गेलो. गोरज मुहूर्त होता. अंतरपाट धरला, भटजींनी सुरुवात केली. काका पहिल्या रांगेतून उठून अंतरपाटाशेजारी जाऊन उभे राहिले, त्यांची जागा असे तिथेच. हातात कागद होता. श्वेतासाठी तीन नवी कडवी त्यांनी रचली होती, ती भटजींना दिली होती. भटजींनी ती चांगली म्हटली. मी सहाव्या रांगेत होतो. तिथून मला काकांचे ओठ हलताना दिसत होते, भटजींच्या अर्धा शब्द पुढे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते थांबत आणि भटजी आपल्यापर्यंत पोहोचायची वाट पाहत. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या की नशीब असतं एकेकाचं. मीही तेच म्हणालो. अक्षता टाकल्या, जेवलो, घरी आलो.

वैशाखात तेलीबांध्याहून एक साहेब आले. पुण्याचे, इथल्या एका संस्थेत मोठ्या हुद्द्यावर बदलून आलेले. त्यांनी परदेशातून एक महागडा कॅसेट डेक आणला होता आणि त्यांचा त्रास असा की हॉस्टेलात मित्रांनी गायलेल्या गाण्यांच्या त्यांच्या जुन्या कॅसेटी त्याच्यावर बोळ्यातून आल्यासारख्या वाजतात.

“आणि याच कॅसेट्स आमच्या कामवाल्या बाईंच्या डबड्यावर खणखणीत वाजतात,” ते म्हणाले. “मला जरा यामागचं लॉजिक सांगा. म्हणजे मी तो डेक बाईंना देऊन टाकतो आणि त्यांचं डबडं मी घेतो.”

ते डबडंही त्यांनी सोबत आणलं होतं. मी दोन्ही मीटरवर लावली. डेक तंतोतंत बरोबर. डबड्याचं हेड कललेलं, स्क्रू ढिला. आणि साहेबांच्या कॅसेटी खरोखरच डबड्यावर स्वच्छ वाजत होत्या. मी त्यांना बसायला सांगितलं आणि डेकचा स्क्रू, मीटर बंद करून, कानाने फिरवला. अर्ध्या फेऱ्यावर हॉस्टेलातली मुलं समोर येऊन बसल्यासारखी गाऊ लागली. त्या कॅसेटी ज्या टेपवर भरल्या होत्या त्याचं हेड तेवढंच कललेलं असणार. कललेल्या चिरेतून लिहिलेलं कललेल्या चिरेतूनच वाचावं लागतं. सरळ चिरेला ते लागत नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. उमेदवारीच्या काळात पुस्तकात वाचलं होतं. पण माझ्या हिशेबात कललेलं हेड म्हणजे चूक आणि चूक म्हणजे दुरुस्ती, याच्या पलीकडे मी कधी गेलो नव्हतो. टेस्ट कॅसेटशी यंत्र जुळतं का, एवढंच मीटर सांगत होता. काकांच्या कॅसेटशी जुळतं का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं आणि ज्यांना ते ठाऊक होतं त्या दोघांचं मी ऐकलं नाही.

साहेब खूश होऊन गेले. मी वही काढली. पाऊण फेरा उजवीकडे, माझ्याच अक्षरात.

दोन दिवस मी काकांकडे गेलो नाही. लग्न होऊन गेलेलं, आता सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हणत राहिलो. सांगितलं नाही तर ते कोणालाही कधी कळणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “फितीचं वय झालं म्हणून तुम्ही त्यायले सांगितलं ना? मंग ते खोटं निघालं हेही तुम्हीच सांगा. दुसरं कोण सांगंन?”

दुपारी साडेचारला मी गुढियारीला गेलो. खिशात एक बारीक पेचकस होता. बाहेर ऊन आणि मालगाड्यांचे डबे जोडल्याचे आवाज. काका पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते, डोक्यावर पंखा, खिडकीत कूलर. काकूंनी पाणी दिलं आणि दारात उभ्या राहिल्या. मी म्हणालो, “काका, माझी चूक झाली. तुमची कॅसेट चांगली होती. मीच मशीन बिघडवली.” मग हेडचं, चिरेचं, कलाचं सगळं सांगितलं, वहीतली नोंद सांगितली.

काका ऐकत होते. मग त्यांनी पाटी मांडीवर घेतली. “स्क्रू मीच फिरवला होता. बाजारातली एक कॅसेट नीट लागेना म्हणून. पुढे त्याच मशीनवर हे भरलं.” ते मला वाचू दिलं, कागद उचलला आणि पुन्हा लिहिलं. या वेळी हळू लिहिलं.

“लग्नाआधी कळलं असतं का?”

मी वाटेत बरंच काही ठरवून आलो होतो. त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “तुम्ही लिहिलं, माझा आवाज असा नव्हता, त्याच वेळी स्क्रू उलटा फिरवून पाहिला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.”

काकूंनी दाराची चौकट धरली होती. “मंग तुमचं मीटर काय म्हणते आता?” त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.  काकू आत गेल्या. भांडी हलल्याचे आवाज येऊ लागले, नेहमीपेक्षा मोठे.

काकांनी आपला प्रश्न पाटीवर तसाच राहू दिला होता. नंतर कागद उचलला आणि बोटाने कपाटाकडे दाखवलं. चामड्याची पिशवी वरच्या कप्प्यात होती. माझ्याकडून नेल्यापासून ती उघडलेली दिसत नव्हती, चेनच्या खाचेत धूळ होती. मी यंत्र पलंगावर ठेवलं, नेलपॉलिश खरवडून काढलं, पेचकस लावला आणि पाऊण फेरा डावीकडे फिरवला. पाऊणला थांबलो. मग काकांकडे पाहिलं आणि पेचकस त्यांच्यापुढे धरला. कॅसेट चालू केली. त्यांनी डोळे मिटले, स्क्रू अगदी थोडा पुढे नेला, थोडा मागे आणला. किती, ते मला सांगता येणार नाही. मी मोजलं नाही. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी शब्द मोकळे झाले. प्रत्येक स, प्रत्येक त.

त्यांनी लगेच बटण दाबून ते थांबवलं. मला वाटलं त्यांना ऐकवत नाही. पण त्यांनी फीत मागे घ्यायची खूण केली, अगदी सुरुवातीपर्यंत. फीत मागे जायला पंधरा-वीस सेकंद लागले असतील. कूलरची घरघर चालू होती. श्वेता आली की तिला ऐकवू, सीडीवर घेऊन तिच्याकडे पाठवू, असं काहीतरी मी बोलत होतो. काका यंत्राकडे पाहत होते. फीत थांबल्याचा खट आवाज झाला तसं त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

कॅसेटची सुरुवात मी कधी ऐकलीच नव्हती. आधी नुसती एक भणभण आली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग काका, माझ्या लग्नात हातभर अंतरावर होता तो आवाज, काहीसा त्रासलेला:

“कमल, पंखा बंद कर ना वं. सारी घरघर टेपमध्ये येऊन राहिली.”

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी पलंगाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. सरळ भिंतीवरच्या बोर्डापाशी गेल्या आणि पंखा बंद केला.  मग हात लांबवून त्यांनी कूलरही बंद केला.